नाना, चिऊच्या बाहुलीघराचं छप्पर झालं, मनापासून आभार

नाना, सप्रेम नमस्कार,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे वं माय" म्हणता आणि लगेच चहाचं काढता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, नातू वाचून दाखवेलच तुम्हाला.

अमळनेरमध्ये बाहुलीघराच्या छपराला लाकडी कौलं लावायची म्हटल्यावर बाकीच्यांनी पहिला सल्ला दिला तो म्हणजे कौलांचा प्रिंट काढून चिकटव, लहान पोरीला काय कळतं. तुम्ही एकट्यानेच विचारलं की पाख्याला उतार किती ठेवलाय. मला तिथेच धीर आला, कारण घर खेळण्यातलं असलं तरी तुम्ही त्याच्याकडे घर म्हणूनच बघत होतात.

आपल्याकडे जुनी घरं धाब्याची, वर खारी माती टाकलेली, नाहीतर मंगलोरी कौलांची, लाकडी कौलं तुम्ही तरी कुठे लावली असणार. पण मी नेटवरून जी मापं आणली ती तुम्ही दोन मिनिटांत कागदावर बसवून दिलीत. हे घर एक इंचाला एक फूट अशा मापाचं आहे, म्हणजे खऱ्या घरावर 16 इंचांचं लाकडी कौल असतं ते इथे साधारण 34 मिलिमीटरचं, आणि त्यातला 5 इंच भाग उघडा राहतो तो इथे साडेदहा मिलिमीटर. उघडा भाग एक तृतीयांशापेक्षा कमी, म्हणजे छपरावर कुठेही बोट ठेवा, खाली लाकडाचे तीन थर आहेतच. हे तुम्ही तीन पट्ट्या एकमेकांवर सरकवून चिऊला दाखवलंत आणि ती तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

पट्ट्यांसाठी तुम्ही जुन्या खिडकीचं सागाचं लाकूड काढलंत, ते तर मी मागितलंही नव्हतं. कटरवर पातळ चिरून, पॉलिश पेपर मारून, मुद्दाम कमीजास्त रुंदीच्या ठेवल्यात, कारण सगळ्या सारख्या असल्या की छप्पर छापल्यासारखं दिसतं. रंगाचंही तुमचंच, चिकटवायच्या आधी रंगव, फेविकॉल लागलेल्या जागी नंतर रंग धरत नाही. कडक चहात बुडवायच्या, मग ज्यात तारेची घासणी बरेच दिवस बुडवून ठेवली ते व्हिनेगर त्यावर फिरवायचं, आणि बघता बघता ते पिवळट लाकूड राखाडी व्हायला लागतं, पाऊस खाल्लेल्या जुन्या दारासारखं. नाना, मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. वर तुमची सूचना, आपल्या उन्हात ठेवू नको, वाकतील, सावलीत वाळव आणि वर पाट ठेव.

पांढरा फेविकॉलही तुम्हीच नको म्हणालात, त्यात पाणी असतं आणि एवढं पातळ लाकूड त्याने वर उचलतं, त्यापेक्षा एसआर, म्हणजे रबराचा फेविकॉल, घे, दोन्हीकडे लाव, हाताला चिकटेनासं झालं की दाब, पण नीट बघून दाब कारण एकदा बसलं की सरकत नाही. वास फार म्हणून पोरीला बाहेर बसवलंत आणि दोन्ही दारं उघडी ठेवलीत, तेही लक्षात आहे माझ्या.

आणि ते वाक्य. चिऊने विचारलं की आपण वरून का नाही सुरू करत, तर तुम्ही म्हणालात, "पानी वरथून खाले येस, म्हनीसन काम खालथून वर जास." एवढ्यात सगळं आलं. वळचणीपासून सुरुवात, सगळ्यात खालची ओळ डबल म्हणजे सांध्यातून प्लाय दिसत नाही, पेन्सिलीने आडव्या रेघा, आणि खालच्या ओळीचा सांधा वरच्या सांध्याखाली येता कामा नये, निदान 3 मिलिमीटर बाजूला हवा. या छपरावर पाणी कधी पडणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, तरी एक पट्टी तेवढ्यासाठी तुम्ही पटाशीने अलगद काढून परत लावलीत. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हे.

आढ्यावर तर मी नुसती बघत बसले होते. दोन बाजूंच्या छोट्या पट्ट्या, एका जोडीत डावी वर, पुढच्या जोडीत उजवी वर, अशा आलटून पालटून, शेवटपर्यंत. तुमचा हात या वयात इतका स्थिर, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि चिऊ श्वास रोखून एकेक पट्टी हातात देतेय. पैशांचं काढलं तर तुम्ही रागावलात, म्हणून आता काढत नाही.

उरलेल्या पट्ट्या डब्यात भरून ठेवल्यात, पडवीचं छोटं पाखं अजून बाकी आहे ना, तिथे भिंतीला टेकतं तो कोपरा कसा बंद करायचा ते मला जमणार नाही. रविवारी दोघी येतो. नानींना सांगा स्वयंपाक करू नका, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा मी घेऊन येतेय.

तुमची,
चिऊची आई