शाळा निवडा, पण विश्वास शाळेवर सोपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांना कोणत्या शाळेत घालावे, यावर आम्हा ख्रिस्ती आईबापांमध्ये सध्या फार हिरिरीने बोलले जाते. कोणी म्हणते चर्चच्या शाळेशिवाय पर्याय नाही, कोणी सरकारी शाळेच्या बाजूने बोलते, तर कोणी शाळाच नको, घरीच शिकवू म्हणते. मी दोन मुलांची आई आहे आणि बरीच वर्षे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवते. शाळा पारखून घ्यावी हे मलाही मान्य आहे. शिक्षक मुलांशी कसे बोलतात, अभ्यासात कच्च्या मुलाकडे कोणी लक्ष देते का, मारहाण होते का, हे सगळे जाऊन पाहावे. पण मुलांचा विश्वास घडवण्याचे काम घरचे आहे, आणि कोणत्याही शाळेत नाव घातले म्हणून ते आपल्या अंगावरून उतरत नाही, एवढे मला कळकळीने सांगायचे आहे.

पवित्र शास्त्रात याबद्दल संदिग्धता नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत, ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चारही वेळा आईबापांच्या वाट्याच्या आहेत. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचा उगम सांगतो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. तीमथ्याचे वडील ग्रीक होते. म्हणजे घरातले सगळे एका विश्वासाचे असतीलच असे नव्हते, तरी दोन बायकांनी ते काम केले. ज्या भगिनी मला म्हणतात, "घरून साथ नाही हो, म्हणून शाळा तरी ख्रिस्ती हवी," त्यांना मी नेहमी युनीकेची आठवण देते.

दुसरे उदाहरण दानीएलाचे. तो आणि त्याचे तीन मित्र कैदी म्हणून बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले आणि राजाच्या हुकमाने तीन वर्षे तिथल्या खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकले. त्यांनी ती टाळली नाही. उलट परीक्षेच्या वेळी ते राज्यातल्या सगळ्या ज्ञान्यांपेक्षा दहापट सरस ठरले. त्यांनी नकार दिला तो राजाच्या ताटातल्या अन्नाला, आणि पुढे त्या तीन मित्रांनी मूर्तीपुढे वाकायला. कुठे शिकायचे आणि कुठे थांबायचे हे त्या मुलांना कळत होते. ही समज ते बाबेलला येण्याआधीच घेऊन आले असणार, असे मला वाटते. मोशेही मिसरी (इजिप्तच्या) लोकांच्या सर्व विद्येत तयार झालेला होता, असे बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहिले आहे.

आमच्या थोरलीच्या जीवशास्त्राच्या तासाला उत्क्रांतीचा धडा झाला, त्या दिवशी ती घरी आली ती गप्प गप्प. रात्री प्रार्थनेच्या वेळी तिने विचारले, "मग उत्पत्तीचा पहिला अध्याय खोटा का?" देवाने जग निर्माण केले हे सांगणारा बायबलचा तो पहिलाच अध्याय. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला आधीच सांगून ठेवले होते की परीक्षेपुरते पाठ कर आणि विसरून जा. मला ते मुळीच पटले नाही. माझ्या पतींनी तिला पाठ्यपुस्तक आणायला सांगितले आणि त्या रात्री आम्ही दोन्ही वाचले, उत्पत्तीचा अध्याय आणि तो धडा. सजीव कसकसे बदलत गेले याचा शोध विज्ञान घेते, आणि हे सगळे कोणाच्या हातचे आहे हे तो अध्याय सांगतो, असे आम्ही दोघे मानतो. सगळे ख्रिस्ती लोक असे मानत नाहीत, हेही आम्ही तिला खरेखरे सांगितले. धडा नीट समजून घे, समजला तसा लिही, आणि प्रश्न राहिला तर पुन्हा विचार, असे तिला सांगितले. ती पुन्हा विचारते. कधी कधी आम्हाला उत्तर येत नाही, तेव्हा आम्ही पाळकसाहेबांना विचारतो.

धाकट्याचा प्रश्न याहून अवघड होता. त्याचा जिवलग मित्र ख्रिस्ती नाही. कोणीतरी त्याला सांगितले की तुझा मित्र स्वर्गात जाणार नाही. तो रडत होता. परक्या समाजातल्या माणसाने जखमी वाटसरूला वाचवले, तो येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी त्याला पुन्हा सांगितला, आणि न्याय करणे देवाच्या हाती आहे, तो आपल्यापेक्षा अधिक दयाळू आहे, हे सांगितले. मित्रावर प्रेम करणे हे तुझे काम, ते तू सोडू नकोस, असेही म्हटले. तेव्हापासून रोजच्या प्रार्थनेत तो त्या मित्राचे नाव घेतो. मुलगा फक्त आपल्याच लोकांत वाढला असता तर हा प्रश्न त्याला इतक्या लवकर पडला नसता. माझ्या मते तो लवकर पडला हे चांगलेच झाले, कारण या वयात तो आमच्याकडे येऊन रडतो.

हा वाद नवा नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1524 मध्ये जर्मन शहरांच्या नगरसभांना पत्र लिहून शाळा काढा म्हणून आग्रह धरला, मुलींसाठीसुद्धा. सगळ्या आईबापांना शिकवायला वेळ आणि कुवत नसते, हे तो जाणून होता. पण त्याच ल्यूथरने 1529 मध्ये कॅटेकिझमची, म्हणजे विश्वासाच्या प्रश्नोत्तरांची, छोटी पुस्तिका लिहिली, तेव्हा कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना हे कसे शिकवावे, असे तिच्या भागांच्या मथळ्यांतच घातले. शाळा हवी म्हणणाऱ्यानेच घराचे काम घरालाच दिले.

रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर इथे जी रविवारची शाळा सुरू केली, तिच्यात बाकीचे सहा दिवस राबणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवत असत. आज आम्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकडे लोक आठवड्याच्या एका तासात सगळे द्या म्हणून मूल आणून सोडतात. तेवढ्याने भागत नाही, हे मी त्या वर्गात उभी राहून सांगते आहे.

मला स्वतःला मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याची आई, सुझॅना वेस्ली, हिचे उदाहरण फार जवळचे वाटते. तिने आपली मुले घरीच शिकवली. शिवाय आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखून ठेवली, त्याच्याशी एकट्याशी बोलण्यासाठी. जॉनची संध्याकाळ गुरुवारची. तोच जॉन दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर लंडनच्या शाळेत गेला आणि पुढे ऑक्सफर्डला. मोठा झाल्यावर आईला लिहिताना त्याने त्या गुरुवारच्या संध्याकाळची आठवण काढली. मूल कितीही मोठ्या विद्यापीठात गेले तरी ती संध्याकाळ त्याच्याबरोबर जाते. नोकरी सांभाळून इतके मला जमत नाही, पण आठवड्यातला थोडा वेळ एकेकाला एकट्याला देता येतो आणि तो आम्ही देतो.

घरी शिकवणाऱ्या आईबापांविषयी मला आदर आहे. माझी एक मैत्रीण मुलाला घरीच शिकवते. शाळेत त्याचा फार छळ झाला होता, आणि आता तो पुन्हा हसू लागला आहे. ते काम किती कष्टाचे असते आणि बहुतेक घरांत एकट्या आईच्याच अंगावर कसे पडते, हे मी जवळून पाहिले आहे. जे व्यासपीठावरून सांगतात की शाळेत मूल पाठवणाऱ्यांचा विश्वास डळमळीत आहे, त्यांचे म्हणणे मात्र मी मानत नाही. आणि चर्चच्या शाळेत प्रवेश मिळेपर्यंत पहिल्या बाकावर दिसणारे कुटुंब प्रवेश झाल्यावर उपासनेला येईनासे होते, तेव्हा त्या मुलांच्या मनावर काय बिंबते, याचाही विचार करावा.

कायद्यातही आईबापांची जागा मोठी आहे. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या 26 व्या कलमात, मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे निवडण्याचा अग्रहक्क आईबापांना दिला आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 मध्ये आईबाप हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे म्हटले. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने घरीच शिकवू द्या म्हणून मागणी केली, ती युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केली नाही. शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी मुलांना आपल्या श्रद्धेनुसार शिकवायला आईबाप मोकळे आहेत, असे न्यायालयाने म्हटले. त्या कुटुंबाला किती वाईट वाटले असेल ते मी समजू शकते. तरी तो मोकळा वेळ आपल्यापैकी किती जण वापरतात? माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारते, घरी कौटुंबिक प्रार्थना होते का. मान खाली घालणारी मुलेच जास्त, आणि त्यांतली कितीतरी चर्चच्या शाळेत शिकतात.

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या वेळी पाळक (धर्मगुरू) आईबापांकडून मुलाला विश्वासात वाढवण्याचे वचन घेतात आणि मंडळीकडूनही घेतात. म्हणून सर्व पाळकांना माझी विनंती आहे की कोणती शाळा चांगली यावर उपदेश करण्याआधी आईबापांसाठी, विशेषतः वडिलांसाठी, नियमित बैठक सुरू करावी. माझ्याकडे मुलांच्या प्रश्नांविषयी बोलायला आया येतात. वडील आले तर बहुधा गुणांची चौकशी करतात. घरी प्रार्थना कशी घ्यावी, लहान मुलाला कोणता उतारा वाचून दाखवावा, तेरा-चौदा वर्षांचे मूल "मला हे पटत नाही" म्हणाले तर रागावण्याऐवजी काय करावे, हे या वडिलांना कोणी कधी शिकवलेलेच नाही. उपासनेनंतरचा अर्धा तास त्यासाठी पुरेल. आमच्या मंडळीत अशी बैठक सुरू झाली, तर तेवढा वेळ सगळ्यांची मुले सांभाळायला मी तयार आहे.

आपली नम्र,
शब्बाथ शाळेतली एक शिक्षिका