लिनक्स टाकण्याआधी कार्ड बघा

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून ‘जुना पीसी भंगारात देऊ नका, लिनक्स टाका’ असे जो तो सांगतो आहे. (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टिम.) सल्ला रास्त आहे, माझे तर पोटच त्यावर चालते. पण पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचे कोणी बोलत नाही.

तपकीर गल्लीत जुने कार्ड घेताना गिऱ्हाईक विचारते, ‘किती जीबी?’ कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कोणाच्या हातात आहे, हे विचारणारा विरळाच. दोन कार्डे घ्या, दोन्ही २०१६ ची: एएमडीचे आरएक्स ४८० आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०. एएमडीचा ड्रायव्हर खुला (कोड कोणालाही बघता-बदलता येतो असा) आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच आहे. कर्नल बदलला की तोही सोबत येतो. (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, त्यांचेही बंदच, पूर्ण सोवळ्यात कोणीच नाही.) १०६० नीट चालवायचे तर कंपनीचा बंद ड्रायव्हर हवा आणि त्या पिढीसाठी ५८० ही त्याची शेवटची मालिका. उद्या नव्या कर्नलशी त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) जुळले नाही की अपडेटनंतर ब्लॅक स्क्रीन. मग पीसी सुरू होतानाच्या ग्रब मेनूत जाऊन जुना कर्नल निवडायचा. हे कोणा आजोबांना फोनवर समजावून बघा!

‘एनव्हिडियासाठी नूवो हा खुला ड्रायव्हर आहे की,’ असे जाणकार म्हणतील. नूवोवर चित्र दिसते, पण कार्ड रांगतच राहते. कार्डाचा क्लॉक, म्हणजे वेग, वाढवायला कंपनीची डिजिटल सही असलेले फर्मवेअर लागते आणि या पिढीसाठी त्या कामाचे फर्मवेअर कंपनीने दिलेच नाही. २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूल खुली केली, तीही २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. गेम आणि इतर प्रोग्रॅम ज्यातून कार्डाशी बोलतात, तो कंपनीच्या ड्रायव्हरचा ओपनजीएल, व्हल्कन हा वरचा भाग आजही बंद. म्हणजे १०६० वाला ना इकडचा ना तिकडचा.

ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमवर एनव्हिडियाचे कूडा तंत्र वापरून रेंडरिंग करणाऱ्या पोरांशी माझा वाद नाही, त्यांना एनव्हिडियाच लागेल. पण मराठी टायपिंग, हिशेब आणि यूट्यूब एवढेच काम असेल, तर प्रोसेसरमधले इंटेलचे ग्राफिक्स पुरून उरते. त्याचा ड्रायव्हरही खुला आहे. देणगीत आलेल्या पीसीत एनव्हिडियाचे असे जुने कार्ड असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर कार्ड खुशाल काढून ठेवा.

सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ चे आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी संगणक घेताना निविदेत ‘ग्राफिक्स कर्नलमधील खुल्या ड्रायव्हरवर चालले पाहिजे’ एवढी एक ओळ घालावी आणि पुरवठादाराने माल उतरवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स लावून दाखवावे.

– एक संगणक दुरुस्तीवाला, शुक्रवार पेठ, पुणे