फेस, वाळू आणि दगडातले बुडबुडे

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रेझिनमध्ये समुद्राच्या लाटा उमटवलेली तबके करणे मी का थांबवले, असे तू विचारले आहेस, आणि मागणी असताना हा हट्ट कशासाठी, हा त्यामागचा सूरही मला ऐकू आला. एका ओळीत उत्तर देता आले असते. पण इपॉक्सीचा, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या आपल्या रेझिनचा, पहिला डबा ज्याच्याबरोबर अर्धा अर्धा वाटून घेतला, त्याला सविस्तरच लिहायला हवे.

त्या लाटांचे तंत्र तुला ठाऊक आहे. निळ्या थराच्या कडेला पारदर्शक रेझिनची पट्टी, तिच्यावर पांढऱ्याची बारीक धार, आणि मग हीट गनची गरम हवा. क्षणात फेसाची जाळी उमटते आणि पाहणारा हरखून जातो. मात्र ही जाळी तयार होते ती अगदी वेगळ्या कारणाने. पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड रेझिनच्या जवळजवळ चौपट जड असते. उष्णतेने रेझिन पातळ झाले की पांढरे खाली बसू लागते, पारदर्शक भाग वर येतो, पृष्ठताण जागोजागी बदलतो आणि घरे पडतात. द्रवाचा पातळ थर खालून तापवला असता त्यात षट्कोनी घरे पडतात, हे आंरी बेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०० साली दाखवले होते. आपली जाळी त्याच कुळातली. समुद्राचा फेस म्हणजे हवेचे बुडबुडे, आणि आपल्या जाळीत तर बुडबुडा औषधालाही नसतो. लाट म्हणून आपण जे विकत होतो, ते एका निराळ्याच घटनेचे रूप होते, आणि ती घटनाही मोठी देखणी आहे. तिला बळेच समुद्राचे सोंग देणे मला नकोसे झाले. (भिंतीवरच्या घड्याळात समुद्र भरण्याविषयी मी काही लिहीत नाही, तुझ्या दिवाणखान्यात एक आहे.)

आता मी स्वतःला एकच अट घालून घेतली आहे: जे दाखवायचे, त्याचे कारणही शक्य तितके साच्यातच घडले पाहिजे. या अटीत समुद्रापैकी किनारा बसला, तोही वाळूमुळे. कोरडी पांढरी वाळू रेझिनमध्ये कालवली की ती जवळजवळ दिसेनाशी होते, कारण वाळूतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप, सुमारे १.५४ आणि घट्ट झालेल्या इपॉक्सीचा सुमारे १.५५, प्रकाशाला वळायला कारणच उरत नाही. लाट ओसरल्यावर ओली वाळू गडद दिसते तीही याच तत्त्वाने, फक्त पाण्याचा अंक १.३३ असल्याने परिणाम सौम्य असतो. त्यामुळे वाळूचा थर कोरडाच पसरून त्याच्या एका कडेला अगदी थोडे रेझिन झिरपू दिले, की पाणी नुकतेच मागे गेल्याची रेषा रंगाचा एक थेंबही न वापरता उमटते. रेझिन जास्त झाले तर मात्र वाळूचा चिखल दिसतो.

खरा जीव रमला आहे तो दगडात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत आला, आणि थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले. लाव्हाच्या थराचा वरचा भाग म्हणूनच जाळीदार असतो. रेझिनचे काम करणारा प्रत्येक जण बुडबुड्यांचा वैरी असतो. गॅसच्या टॉर्चची ज्योत फिरवून, निर्वात पेटी वापरून तो त्यांना हुसकावतो. मी त्यांना मुद्दाम आत घेतो. क्रशरवरची पाषाणाची भुकटी भट्टीत कोरडी करून रेझिनमध्ये इतकी मिसळायची की मिश्रण जड व्हावे, मग ते जोराने घोटायचे आणि खोल साच्यात ओतून द्यायचे. दुप्पट व्यासाचा बुडबुडा साधारण चौपट वेगाने वर चढतो, म्हणून मोठे बुडबुडे वर जमतात, बारीक खालीच राहतात, आणि रेझिन आळत गेले की जो जिथे असेल तिथेच थांबतो. कापून पाहिलेस तर खाणीतल्या दगडाशी त्याचे साम्य पाहून तूही चकित होशील. एरवी जाड ओतणे घट्ट होताना आपोआप तापून तडकण्याची भीती असते. इथे भुकटीच बरीचशी उष्णता शोषून घेते.

पुढची अडचण पोकळ्यांची आहे. खऱ्या पाषाणात त्यांतून पाणी झिरपत राहिले आणि स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट यांसारखे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आपण पाहिले आहेत. मी पोकळीत तुरटीचे कण चिकटवून संपृक्त द्रावण भरतो. स्फटिक चांगले वाढतात, परंतु कोरड्या हवेत ते हळूहळू धुरकट होतात, म्हणून वर रेझिनचा पातळ हात द्यावा लागतो आणि त्यांची धार थोडी बोथट होते. वाघोलीच्या खाणीतल्या कॅव्हॅन्साइट या निळ्या खनिजासाठी मोरचूद वापरून पाहिले. रंग जवळचा आहे, पण कॅव्हॅन्साइटच्या सुयांचे गुच्छ असतात आणि मोरचुदाचे खडे काचेसारखे ठोकळेबाज. शिवाय ते विषारी आहे. तो नाद मी सोडला आहे.

पावसाळ्यात काम थंडच असते. दमट हवेत हार्डनरमधील अमाइन हे रसायन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर मेणचट साय धरते. ती कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. त्यामुळे सध्या घासकामच चालू आहे, तेही मास्क लावून आणि पाणी मारून, कारण ती धूळ फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी नाही.

तुझ्याकडून एक काम हवे आहे. तुझ्या गावाजवळच्या जांभ्याच्या खाणीत चिरे कापताना जो लाल भुगा पडतो, तो दोन-तीन किलो पाठव. चाळू नकोस, खडे-माती जशी असेल तशी राहू दे. मात्र चार दिवस उन्हात वाळव आणि पिशवीचे तोंड पक्के बांध, नाहीतर ओलाव्याने रेझिन दुधाळ होईल. जांभा पाषाणाच्याच झिजेतून झालेला असल्यामुळे, त्याची भुकटी काळ्या ओतणाच्या माथ्यावर कशी बसते ते मला पाहायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. भुग्याबरोबर वाहतुकीचा खर्चही कळव.

तुझा स्नेही