दंतवैद्यक निवडण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

एमबीबीएसला गुण कमी पडले तर बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीला, जावे का, असे तू परवा फोनवर विचारलेस. तेव्हा आई शेजारी होती आणि तुझी अभ्यासिकेची वेळ झाली होती, म्हणून मी विषय लांबवला नाही. मात्र प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दातांच्या लॅबमध्ये बसणाऱ्या माणसाला डॉक्टर जरा वेगळ्या बाजूने दिसतात. रोगी त्यांचे बोलणे पाहतो, दवाखान्याचा थाट पाहतो. माझ्यापुढे येते ते फक्त त्यांनी घेतलेले माप, म्हणजे दातांचा ठसा. कॅपसाठी दाढ घासली की तिच्या बुडाशी, हिरडीलगत एक बारीक कड तयार होते आणि कॅप नेमकी त्या कडेवर टेकते. मापात दगडी प्लास्टर ओतून साचा सुटा केला आणि भिंगाखाली धरला की, ती कड चारी बाजूंनी उमटली आहे की गालाकडच्या मागच्या कोपऱ्यात रक्तालाळेमुळे पुसट झाली आहे, हे लगेच कळते. पुसट कडेवर कॅप करता येते, परंतु तिथे फट राहते, फटीत अन्न अडकते आणि आतली दाढ पुन्हा किडते. असे माप आले की मी डॉक्टरांना फोन करतो. काही जण रोग्याला परत बोलावून नवे माप पाठवतात. काही जण ‘तुम्ही जमवून घ्या’ म्हणतात. या दोघांच्या पदवीत काही फरक नसतो. फरक असतो तो हे काम मनापासून पत्करले आहे की नाही याचा, असे माझे इतक्या वर्षांचे मत झाले आहे. म्हणून ‘तिकडे हुकले तर इकडे’ या हिशेबाने तू बीडीएसकडे पाहू नयेस, असे मला वाटते.

दोन्हींची प्रवेशपरीक्षा एकच आहे, म्हणून हा घोटाळा होतो. तू ज्या ७२० गुणांच्या नीटची तयारी करते आहेस, तिच्याच गुणांवर बीडीएसचे प्रवेशही होतात. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये जुनी आहेत, शिवाय मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे रोग्यांची गर्दी असते, आणि शिकणाऱ्याला गर्दीइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. खासगी महाविद्यालयांची संख्या पुष्कळ आहे, पण शुल्काचा फरकही तेवढाच मोठा आहे. एखादे खासगी महाविद्यालय पाहायला गेलीस तर इमारत पाहू नकोस. सकाळी बाह्यरुग्ण विभागात किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते पाहा.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय एमबीबीएससारखेच वाटतील, परंतु त्यांच्या जोडीने दातांची रचना हा विषय येतो आणि त्यात मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरावा लागतो. बारावीपर्यंत केवळ पाठांतरावर पुढे आलेली कित्येक हुशार मुले इथे पहिल्यांदा अडखळतात. दुसऱ्या वर्षी दंतसाहित्याचा अभ्यास आणि कृत्रिम जबड्यावरचे काम असते. तिसऱ्या वर्षापासून खऱ्या रोग्याच्या तोंडात हात घालावा लागतो आणि शेवटच्या वर्षी विषयांचा डोंगर असतो. आंतरवासिता संपल्यावर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी झाली की व्यवसाय करता येतो. मात्र १९४८ च्या जुन्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला असून, त्यात पदवीच्या अखेरीस देशभर एक समाईक परीक्षा घेण्याची तरतूद आहे. तेव्हा तुझ्या वेळी कोणता नियम लागू असेल तो अधिकृत सूचनेतूनच वाचून घे. क्लासमधल्या मुलांच्या सांगण्यावर विसंबू नकोस.

आता हाताविषयी. वरच्या दाढांचे बरेचसे काम डॉक्टर थेट पाहून करत नाहीत, ते छोट्या आरशात पाहून करतात. आरशात दिशा उलटी दिसते आणि ड्रिल मात्र खऱ्या दिशेने चालवायचे असते, तेही जीभ हलत असताना आणि रोगी घाबरलेला असताना. ही सवय शिकून होते, जन्मजात कोणालाच नसते. तरी आवड आहे की नाही हे आधी तपासता येते. दिवाळीच्या सुट्टीत लॅबमध्ये ये. मी तुला खालच्या पहिल्या दाढेचा साचा देईन. तो समोर ठेवून साबणाच्या वडीतून तशीच दाढ कोरून बघ. ती चांगली जमते का, हे मी पाहणार नाही. बिघडल्यावर दुसरी वडी मागतेस की मोबाईल हातात घेतेस, एवढेच पाहीन.

कमाईबद्दल आपल्या नातेवाइकांत दोन टोकांची मते आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. नुसत्या बीडीएसवर सुरुवातीला दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करताना मिळणारा पगार बेताचाच असतो. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे आणि निर्जंतुकीकरणाचे यंत्र यांतच मोठी रक्कम अडकते, शिवाय शहरांत दर चौकात एक पाटी असते. याउलट तालुक्याच्या आणि त्याखालच्या गावांत अजूनही दात काढण्यापलीकडची सोय क्वचितच असते, आणि तिथे नेटाने बसलेल्या डॉक्टरांची माझ्याकडे येणारी कामे दरवर्षी वाढत गेलेली मी पाहिली आहेत. मानेचे आणि पाठीचे दुखणे हा मात्र या व्यवसायाचा ठरलेला प्रसाद. त्यातून शहर-खेडे कोणीच सुटत नाही.

पुढे एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी, तीन वर्षांची; त्यासाठी वेगळी नीट. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणारी शाखा सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्या जागांसाठी झुंबड असते. मुलांच्या दातांची, हिरड्यांची, रूट कॅनलची, कवळ्या आणि कृत्रिम दातांची अशा शाखाही आहेत. पण मला स्वतःला तोंडाच्या रोगनिदानाची आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेची अशा दोन शाखा अधिक मोलाच्या वाटतात. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही गुटखा खाऊन तोंड आखडलेल्या माणसांची मापे माझ्याकडे येतात. त्यांच्या तोंडात दोन बोटेसुद्धा नीट जात नाहीत, मग मापाचा पूर्ण ट्रे कसा जाणार? त्यांच्यासाठी मला दोन तुकड्यांचा ट्रे बनवून द्यावा लागतो. डॉक्टर एकेक तुकडा आत सरकवून तोंडातच जोडतात. अशा तोंडातला पांढरा चट्टा कर्करोगाकडे झुकतो आहे, हे बऱ्याचदा सर्वांत आधी दंतवैद्यालाच दिसते, कारण त्या तोंडात शेवटपर्यंत डोकावणारा दुसरा कोणी नसतो.

परदेशाचे तू विचारले नव्हतेस, पण मामा विचारेल, म्हणून लिहितो: भारतातली बीडीएस पदवी घेऊन अमेरिकेत थेट व्यवसाय करता येत नाही, बहुतेकांना तिथल्या दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते. ब्रिटनमध्ये वेगळी परीक्षा आहे.

दंतक्षेत्रात यायला डॉक्टरच व्हावे लागते असेही नाही. दंत आरोग्यक (दात स्वच्छ करणारा) आणि दंत तंत्रज्ञ (लॅबमध्ये दात बनवणारा) हे दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम आहेत, आणि आपले घर यांपैकी दुसऱ्यावरच चालले आहे. आता मेण आणि भट्टीच्या जोडीला स्कॅनर आणि झिरकोनिया (कॅपसाठीचे कठीण, पांढरे साहित्य) कापणारी यंत्रे आली आहेत, त्यामुळे संगणकावर दात रेखणारी मुले आमच्याकडे हवीच आहेत. तू तंत्रज्ञ व्हावेस असा माझा आग्रह नाही, पण ती कमी प्रतीची वाट आहे असे मनात धरू नकोस.

तेव्हा पसंतीक्रम भरण्याची वेळ येईल तेव्हा बीडीएसचे नाव यादीत घालायचे की नाही हे तू ठरव, आणि घालायचे ठरवलेस तर शासकीय महाविद्यालये आधी लिही. गावातल्या एका डॉक्टरबाईंशी मी बोललो आहे; सुट्टीत दोन दिवस त्या तुला दवाखान्यात बसू देणार आहेत. पांढरा अॅप्रन तुझ्या बारावीच्या प्रयोगशाळेचाच चालेल, येताना तो घेऊन ये. आईने डिंकाचे लाडू पाठवले आहेत, डबा मेसमध्ये ठेवू नकोस.

तुझे
बाबा