रॅम ब्राउझर खातो का तुमची साइट?

प्रति,
संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्राउझरच्या नव्या व्हर्जनवर अर्धं पान आलं होतं आणि आठवडाभर त्यावर वाचकांची पत्रं चाललीत. एकाला उभे टॅब आवडलेत, एकाला टॅबचे गट करता येतात याचा आनंद झालाय, आणि बाकीच्या निम्म्या लोकांचं एकच रडगाणं, अपडेट मारलं आणि रॅम, म्हणजे मशीनची काम करायची मेमरी, संपली. मी फलटणला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, आधी तेच सायबर कॅफे होतं, त्यामुळे रॅम संपणे या विषयावर बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं धरून लिहितोय. लांबलं तर कापा.

फीचरचं आधी उरकतो. उभे टॅब, म्हणजे टॅबची यादी वरच्या पट्टीऐवजी बाजूला, फायरफॉक्समधे १३६ व्या व्हर्जनला आले, मार्च २०२५ मधे, गट त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि क्रोमला गट २०२० पासूनच आहेत. चांगली सोय आहे, ज्याला पन्नास टॅब उघडे ठेवायचे त्याला. माझ्याकडे गिऱ्हाइक काउंटरपलीकडे उभं असतं आणि टॅब तीन, एकात फॉर्म, एकात फोटो ५० केबीत बसवायची साइट, एकात पैसे भरायचं पान. तीन टॅबचे गट करून मी काय करू. दुकानात मशीन चार, त्यातली दोन ४ जीबीची, आणि एकावर अजून विंडोज ७ आहे, तिथे क्रोम १०९ वर अडकलंय कारण फेब्रुवारी २०२३ ला ११० आलं ते विंडोज १० च्या खाली चढतच नाही. (तिथे फक्त झेरॉक्सच्या प्रिंट काढतो, सरकारी साइट उघडत नाही, काळजी नसावी.)

आता मेमरीचं. दुकानात कॉलेजची पोरं येतात, त्यातलं एक जण तरी सांगतंच, "काका, क्रोम रॅम खातं, फायरफॉक्स टाका." मी टाकलं की दुसरा येतो, "काका हे कसलं स्लो, क्रोम टाका की." हे भांडण मी २००६ पासून बघतोय, फक्त पार्टीची नावं बदलतात. तेव्हा फायरफॉक्स २ होतं आणि तेच खादाड म्हणून बदनाम होतं, सकाळी चालू केलं की संध्याकाळपर्यंत फुगत जायचं, टॅब बंद केले तरी घेतलेली जागा सोडायचं नाही. ते खरंही होतं. मेमरीत मधे मधे भोकं पडायची, म्हणजे मांडणीवर चार ठिकाणी वीतभर जागा रिकामी आहे पण मोठं पातेलं कुठंच बसत नाही तसला प्रकार. मग १७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आलं. त्या लोकांनी मेमरी वाटायची पद्धतच बदलली, फोटो एकदा दाखवून झाला की त्याची फुगवलेली कॉपी थोड्या वेळाने टाकून द्यायला लागले, आणि फरक आमच्यासारख्यांना ५१२ एमबीच्या मशीनवर दिसला. पहिल्या २४ तासांत ८० लाख २ हजार ५३० डाउनलोड झाले म्हणून गिनेसमधे नाव लागलं, त्यातले दोन माझे. आपल्याकडे रात्र होती, त्यांचा सर्व्हर गर्दीने बसलेला, मी दुकान अर्धं शटर टाकून जागत बसलो होतो. फाइल ७ एमबीची! आज ७ एमबीत तुमच्या पेपरचं होमपेज तरी येतं का बघा. पण त्यावर पुढे येतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमधे क्रोम आलं आणि गणित फिरलं. त्याआधी सगळे टॅब एका प्रोसेसमधे (प्रोसेस म्हणजे मशीनवर चालू असलेला एक स्वतंत्र प्रोग्रॅम), जुन्या वाड्यासारखं, दहा बिऱ्हाडं, एक नळ, एक संडास. जागा कमी लागते, पण एका बिऱ्हाडात भांडण झालं की सगळा वाडा जागा. एका टॅबात फ्लॅश (तेव्हाचं व्हिडिओ-गेम चालवणारं जोड-सॉफ्टवेअर) मेलं की बाकीचे नऊ टॅब पण खलास, त्यात कुणाचा अर्धा भरलेला फॉर्म असायचा. क्रोमने बिऱ्हाडं वेगळी करून फ्लॅट बांधले. आता प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा नळ, स्वतःचं स्वयंपाकघर म्हटल्यावर जागा जास्त लागणारच ना, तो काही घोटाळा नाही. फायरफॉक्स पण पुढे त्याच वाटेने गेलं, २०१६-१७ मधे. आणि २०१८ च्या जानेवारीत ते स्पेक्टर प्रकरण बाहेर आलं, प्रोसेसरच्या खोडीमुळे एक साइट दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचू शकते असं, तेव्हापासून क्रोमने एका टॅबातसुद्धा वेगवेगळ्या साइटला वेगळी प्रोसेस द्यायला सुरुवात केली. गूगलने तेव्हाच सांगितलेलं की याने मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागेल. बँकेचं पान शेजारच्या पानाला दिसू नये म्हणून हा खर्च आहे, माझी तरी त्याला ना नाही, लोकांचे ओटीपी माझ्या मशीनवर टाकले जातात.

अजून एक, टास्क मॅनेजर उघडून ८० टक्के रॅम भरली म्हणून घाबरणाऱ्यांना. रिकामी रॅम म्हणजे बचत नव्हे हो, रिकामी एसटी धावली म्हणून डिझेल वाचतं का. रॅम भरलेलीच बरी, परत लागणारं पान लगेच मिळतं. त्रास सुरू होतो ती काठोकाठ भरल्यावर, मग विंडोज हार्डडिस्कवर सामान टाकायला लागतं, डबड्याचा लाल दिवा पेटून राहतो, खर्र खर्र आवाज, आणि गिऱ्हाइक म्हणतं सर्व्हर डाउन आहे वाटतं. सर्व्हर ठणठणीत असतो, मशीन माझंच बसलेलं असतं.

तर मग खातं कोण? मी एका दुपारी गिऱ्हाइक नव्हतं तेव्हा बघितलं. क्रोममधे शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, टॅबवार हिशोब मिळतो. फायरफॉक्समधे अॅड्रेस बारमधे अबाउट कोलन प्रोसेसेस टाइप करा, तसंच दिसतं. दोन्हीत तेच टॅब उघडले. फॉर्मचं पान खाली, मेल मधे, आणि दोन्हीकडे सगळ्यात वर संपादकसाहेब, आपलं ई-पान. रिकामा टॅब दोन्ही ब्राउझरला काहीच जड जात नाही. म्हणजे भांडण क्रोम आणि फायरफॉक्सचं नाहीच, पानाचं आहे.

त्यातही आधी फोटोच बघा. मोबाइलवर काढलेला १ कोटी २० लाख पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३ एमबीचा असेल, पण पडद्यावर दाखवायला तो पूर्ण उलगडावा लागला तर एका पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी मेमरी जाते. आणि फोटो कशाचा, तर कुणीतरी फीत कापतंय, तोही काडेपेटीएवढ्या चौकटीत. तुमच्या ऑफिसात कुणी तो छोटा करून चढवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. मग जाहिराती. वर सांगितलं तसं दुसऱ्या साइटवरून आलेली चौकट वेगळी प्रोसेस मागते, म्हणजे बातमीच्या आजूबाजूला आठ ठिकाणच्या आठ जाहिराती असल्या की आठ नवे फ्लॅट बांधा, वर कोण वाचतंय याच्यावर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, त्यांचं वेगळंच. वाचायला आलेली बातमी मात्र दोनशे शब्दांची. अॅड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, लावून तेच पान उघडलं तर ४ जीबीचं मशीन एकदम नवं घेतल्यासारखं पळालं. मी तो कायमचा लावून ठेवत नाही, पेपर चालायला पैसे लागतात हे मला कळतं, माझ्या दुकानाची चौकट पण तुमच्या तालुका पुरवणीत येते. पण जाहिरात एक चांगली लावा ना, आठ कशाला.

नवीन व्हर्जनांत टॅब झोपवायची सोय आलीय, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरला २०२१ पासून, क्रोमला मेमरी सेव्हर म्हणून २०२२ च्या शेवटापासून, ती मात्र खरोखर कामाची. न वापरलेला टॅब झोपतो, जागा मोकळी होते, परत गेलं की जागा होतो, क्रोममधे पान पुन्हा लोड होतं. फक्त माझ्यासारख्या धंदेवाल्यांनी फॉर्मच्या साइट "कायम जाग्या ठेवा" च्या यादीत टाकाव्यात, सेटिंगमधे आहे, ब्राउझर अर्धा फॉर्म सहसा झोपवत नाही पण मी रिस्क घेत नाही.

मोबाइलवर तर याहून वाईट, आणि याच्याबद्दल तुमच्या पुरवणीत एक ओळ नव्हती. परवा एक मावशी आल्या, मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म घरीच मोबाइलवर भरत होत्या. चार पानं भरली, ओटीपी आला, तो बघायला मेसेजमधे गेल्या, परत आल्या तर फॉर्म कोरा. असं तीनदा. त्यांना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय, आपल्याला जमत नाही, म्हणून माझ्याकडे ५० रुपये द्यायला आल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कमी रॅमचा फोन, मागे चार अॅप, मेसेज उघडला की जागा मोकळी करायला फोन ब्राउझरचं पान फेकून देतो. मी पैसे घेतले, खोटं कशाला सांगू, पण २० च घेतले.

जुन्या वाचकाच्या हक्काने एक आठवण पण देतो. एके काळी मराठी पेपरांच्या साइटचे फाँट प्रत्येकाचे वेगळे असायचे, इंटरनेट एक्सप्लोररमधेच नीट दिसायचे, फायरफॉक्सवर उघडलं की नुसता गिचमिडा, मग आम्ही पद्मा नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणारं अक्षर-कोडिंग, करून वाचायचो. तेव्हा पण लोक म्हणायचे ब्राउझर खराब आहे. पुढे पेपर युनिकोडवर आले आणि तोच ब्राउझर एका रात्रीत चांगला झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी ब्राउझरवर अर्धं पान लिहायच्या आधी तुमच्या साइटवाल्यांना एक ४ जीबीचं जुनं मशीन द्या, साधी हार्डडिस्क, अॅड ब्लॉकर काढलेला, आणि आपलंच होमपेज उघडून खालपर्यंत जायला सांगा. मशीन नसेल तर माझं घेऊन जा, झेरॉक्सवालं. किंवा इकडे या, चहा माझ्याकडून.

आपला,
एक जुना वाचक,
फलटण, जि. सातारा

ता. क. : साइट उघडल्या उघडल्या कोपऱ्यात व्हिडिओ आपोआप सुरू होतो, आवाजासकट, तेवढा तरी या आठवड्यात बंद करा, काल एक आजोबा पेन्शनचा दाखला काढताना खुर्चीतून उठून उभे राहिले.