बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात ते

सांगली,
१८ ऑगस्ट

ती. आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा १५ ऑगस्टला संध्याकाळी फोन केला तेव्हा बाबा, तुम्ही बोलता बोलता म्हणालात, "काकानं देशासाठी उमेदीची वर्षं घातली. आम्ही काय, नुसत्या भाकरी खाल्ल्या." सकाळी झेंडावंदनाला काकांचा सत्कार झाला, त्याचा तुम्हाला मनापासून आनंद झाला होता, तेही आवाजावरून कळत होतं. पण एवढं बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फोनवर मला सगळं नीट बोलता यायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

काकांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीत जे सोसलं ते आपण घरात बसून मोजू नये. आणि भरतीत तुमची छाती अर्धा इंच कमी भरली नि तुम्ही रात्रीच्या एसटीनं परत आलात, हे तुम्ही कधी सांगितलं नसलं तरी आईनं मला सांगितलंय. पण "नुसत्या भाकरी" हे मला मान्य नाही.

भाकरीचंच घ्या. आजीची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत. १९४३ साल, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस. तेव्हा आताच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे तालुकेसुद्धा सातारा जिल्ह्यातच होते. पंधरा-सोळा वर्षांची आजी पाटीत खाली भाकरी, वर वैरण घालून ओढ्याकडे जायची आणि भूमिगतांना जेवू घालून यायची. तिचं नाव कुठल्या यादीत आलं नाही, तिनंही ते कधी शोधलं नाही. पण गावोगावच्या अशा बायका नसत्या तर ते सरकार चार दिवस तरी टिकलं असतं का?

आणि आई, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तू वेगळं काय केलंस? इथं ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आम्ही ओवीला घेऊन एका शाळेतल्या छावणीत होतो. लाइट नाही, प्यायला पाणी मोजून. आपल्या गावचा टेम्पो विट्याकडून वळसा घालून आला. गाठोडं सोडलं तर धुतलेल्या धोतरात ज्वारीच्या भाकरी, आणि वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी : "गुरुवारी पहाटे भाजल्या. पार गार करून बांधल्यात, घाम सुटणार नाही. शनिवारपर्यंत खा. खर्डा वेगळा बांधलाय, लहान पोरांना देऊ नका." शेजारच्या चटईवर हरिपूरच्या एक आजी होत्या. त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "कुणाची गं ही बाई?" मी म्हटलं, "माझी आई." मग मला पुढं बोलवेना.

त्याच दिवसांत मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीगही आले. फाटके, बटणं तुटलेले. रस्त्याकडेला भिजून कुजले आणि नंतर आम्हालाच ते उचलावे लागले. देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण घेणाऱ्याच्या हातात ते पडल्यावर तो काय करील, एवढा विचार त्यात नव्हता. तुझ्या चिठ्ठीत तो होता. मदत कशी करायची हे मी त्या गाठोड्यावरून शिकले.

आता बाबा, तुमची निळी वही. लहानपणी मला तिची लाज वाटायची, आज कबूल करते. ग्रामसभेच्या दिवशी तुम्ही सकाळपासून दारोदार फिरायचात. मैत्रिणी म्हणायच्या, तुझे बाबा आज परत आमंत्रण द्यायला आलेत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी ती भरली तर कोरम, नाही तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला मग कोरमच लागत नाही, चार माणसं बसून काहीही ठराव करतात, हे तुम्ही मला दहावीत असताना समजावलंत. शाळेच्या नागरिकशास्त्रात ते इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. वहीत प्रत्येक सभेची तारीख, कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. दिव्यांच्या खांबांसाठी तुम्ही १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केलात आणि तीस दिवस कॅलेंडरवर रेघा मारत बसलात. त्या दिव्यांखालून मी बारावीच्या क्लासहून रात्री घरी यायचे, बाबा.

आणि आईला महिलांच्या सभेत तुम्हीच पाठवलंत. ती पहिल्यांदा स्मशानभूमीच्या रस्त्यावर बोलली तेव्हा तिचे हात थरथरत होते म्हणे. रस्ता झाला.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी अडवण्याच्या वॉटर कप स्पर्धेसाठी आपला सगळा कोरेगाव तालुका डोंगरावर होता. पहिला नंबर वेळूचा आला, आपल्या गावाचा नाही, आणि तुम्हाला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मी रजेवर आले होते. साठीचे तुम्ही पहाटे पाच वाजता समपातळी शोधायच्या हायड्रोमार्करची काठी धरून उभे, नळीतलं पाणी दोन्हीकडे एका रेषेत येईपर्यंत श्वास रोखून. "पाणी खोटं बोलत नाही, समपातळी तिथंच," म्हणालात आणि चर खणायला फक्कीची रेघ ओढलीत. त्या चरांमध्ये पाणी साठलेलं पाहायला तुम्ही जुलैत छत्री घेऊन एकटेच गेला होतात, हेही मला माहीत आहे.

माझी बदली पलूस तालुक्यातल्या शाखेत झाल्यापासून भिलवडीवरून जाते. तिथं २०२० पासून व्यापाऱ्यांनी रोज सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी राष्ट्रगीत लावायची पद्धत पाडली आहे. परवा आमची एसटी नेमकी पेठेत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. वाण्याच्या तराजूत साखर अर्धी ओतलेली, तो पुडा हातात तसाच धरून उभा. बावन्न सेकंदांनी साखर पुन्हा पडायला लागली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "शंभर ग्रॅम जास्त घाला." हेच गाव पुरात बुडतं आणि चिखल काढून पुन्हा दुकानं लावतं. मला त्या वाण्यात तुम्ही दिसलात.

मी काही मोठं करत नाही. दर चार महिन्यांनी रक्तदान करते. गणपतीत आमच्या कॉलनीच्या बायका घाटावर निर्माल्य वेगळं गोळा करतो. आणि सध्या मागच्या नाल्याच्या मागे लागलेय. पाऊस वाढला की पहिलं पाणी तिथूनच आत शिरतं. दोन अर्ज दिले. पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं सांगितलं, "ठेवून जा, बघतो." मी ठेवून आले आणि तो अर्ज गेला तो गेलाच. दुसऱ्यांदा तुमचं वाक्य आठवलं : पोच घेतली नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं. मग अर्धा तास उभी राहिले, पण शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच आले. ओवी बरोबर होती. आता ती घरी खेळतानाही वहीवर शिक्के मारते.

तर बाबा, दसऱ्याला याल तेव्हा ती निळी वही घेऊन या. दिव्यांच्या वेळी अपिलाचा मजकूर तुम्ही कसा लिहिला होता तो मला हवाय. माझा तिसरा अर्ज त्यावर बेतायचाय. आई, तुझे गुडघे दुखतात, भाकरी भाजत बसू नकोस. खर्डा मात्र आण. आणि डोळ्यांचे थेंब दोघांनीही वेळेवर घाला.

तुमची,
माई