तो काही करत नाही!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहारात पाळीव कुत्र्यांच्या फाजील लाडांवर एका वाचकांनी कोरडे ओढले आहेत. कुत्र्याला 'बाळ' म्हणणारे आणि त्याचे वाढदिवस करणारे लोक समाजाचं काय भलं करणार, असा त्यांचा सवाल आहे. हे पत्र २०१९ च्या जुलैपर्यंत आलं असतं तर मी त्याखाली सही केली असती, वर अंगठाही उठवला असता. मी निवृत्त पोस्टमन आहे. १९८३ पासून चौतीस वर्षं सांगलीत सायकलवरून टपाल वाटलं. कुत्र्यांविषयी माझं मत मी पोटरीवर बाळगून आहे.

आमच्याकडे नवा माणूस आला की जुने लोक त्याला बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, समजावून सांगायचे. कुठल्या वाड्याची पायरी तुटकी आहे, कुठल्या आजींना पत्र वाचून दाखवावं लागतं आणि कुठल्या फाटकाशी सायकल आधीच उलटी वळवून उभी करायची. ही शेवटची यादी तोंडपाठ असायची. कागदावर मांडली असती तर मतदार यादीएवढी भरली असती.

१९९१ साली एका वकिलांच्या कुत्र्यानं माझी डावी पोटरी धरली. वकील ओसरीवर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "घाबरू नका, काही करत नाही तो." तो त्या क्षणी करतच होता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सारला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "आज पहिल्यांदाच बघा." मग रजिस्टर घेतलं, पोचपावतीवर सही केली आणि पावतीला रक्ताचा डाग लागलाय म्हणून मलाच टोकलं. त्या काळी सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आता जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दंडात चार-पाच डोस घेतले की भागतं. आजच्या पिढीला चावून घ्यायचं काही गांभीर्यच राहिलेलं नाही. (तरी डोस चुकवू नयेत, हे आपलं वडीलकीनं सांगतो.)

निवृत्तीनंतर विचाराला वेळ मिळाला तेव्हा कुत्र्यांची बाजू ध्यानात आली. रोज अकराच्या सुमाराला एक खाकीवाला घरात घुसू पाहतो. कुत्रं जीव तोडून भुंकतं. खाकीवाला दोन मिनिटांत चालता होतो. म्हणजे काय झालं? हाकलला! दुसऱ्या दिवशी तो निर्लज्ज पुन्हा येतो, भुंकलं की पुन्हा जातो. रविवार आणि सणवार सोडले तर बारमाही विजय. एवढं यश मिळाल्यावर कोण भुंकायचं थांबेल? माझ्या बीटवरच्या किती कुत्र्यांचा आत्मविश्वास मी असा एकहाती वाढवला असेल, त्याची नोंद खात्यानं कुठे केली नाही.

खात्यानं उलट कुत्र्यांचीच नोंद केली. जानेवारी २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटं निघाली. हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजापलयम आणि आपल्या शेजारचा मुधोळ. सॉर्टिंगच्या टेबलाशी आम्ही ती बघत होतो तेव्हा एक सहकारी म्हणाला, "चावणाऱ्यांचं तिकीट निघालं, चावून घेणाऱ्यांचं कधी निघणार?" मी मुधोळचं एक विकत घेतलं, जिभेनं ओलं केलं आणि भावाच्या पाकिटावर डकवलं. कुत्र्यानं पोस्टमनला चाटल्याची उदाहरणं असतील, पोस्टमननं कुत्र्याला चाटल्याचं हे एकच असावं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५. गावभागातलं आमचं खालचं घर पाण्यात आणि आम्ही दोघं माडीवर. तिसऱ्या दिवशी मदतीची बोट खिडकीखाली लागली. एका पोरानं दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मेणबत्त्या वर दिल्या आणि शेवटी एक ओलं फडकं पुढं केलं. "काका, धरा की जरा हे, आलोच पलीकडनं." मी धरलं. फडक्याला पाय होते. पोरगं अजून पलीकडनं यायचंय.

पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, वजन दीडएक किलो, माल ओला आणि सही न घेताच हवाली केलेला. असलं टपाल नियमानं बेवारशी पत्रांच्या कचेरीत जातं. रस्ताच पाण्याखाली असल्यामुळं ते आमच्याकडे राहिलं. नाव तिथंच पडलं, पार्सल. मुलगी पुण्याहून फोनवर 'ऑस्कर म्हणा, ऑस्कर' करत होती. तो ऑस्करला ओ देत नाही. सकाळी घाटावर चांगली कापडं घातलेले लॅब्रॅडॉरवाले विचारतात, "ब्रीड कोणतं?" मी सांगतो, "आयर्विन." दोघांनी आदरानं मान डोलावली, एकानं "इंपोर्टेड का?" म्हणून विचारलं.

पाणी उतरलं, चिखल काढला, पार्सलला कुणाला तरी देऊन टाकू असं मी दोन-तीनदा म्हणालो. सौ. दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारी. तिनं भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट केलं. "देवाच्या पायाशी चार आहेत, तुम्हाला एक जड होतंय?" पुढं त्याच्या भाकरीला तूप लागायला लागलं. मी हरकत घेतल्यावर तिनं नामदेव महाराजांना साक्षीला बोलावलं. कुत्र्यानं भाकरी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले, तुम्हाला तर बसल्या जागी वाटी सरकवायचीय. माझ्या भाकरीचं तूप डॉक्टरांनी बंद केलेलं आहे. तिथं नामदेवांचा दाखला चालत नाही.

जेवताना तो माझ्यासमोर बसतो. भुंकत नाही, पाय ओढत नाही. फक्त दोन्ही भुवया आतल्या बाजूनं वर उचलतो, आणि कर्ज फेडायचं राहिल्यासारखं मला वाटायला लागतं. मुलीनं यावरही वाचून ठेवलंय. आमच्याकडे पूर आला त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी कुत्र्याचा आणि लांडग्याचा चेहरा उघडून ताडून पाहिला. भुवई आतून वर उचलणारा स्नायू कुत्र्यात चांगला ठसठशीत, लांडग्यात मात्र जेमतेम चार तंतू. म्हणजे हजारो वर्षं माणूस ज्याची भुवई बघून विरघळला त्याच्याकडे घास टाकत गेला, आणि त्याचाच वंश वाढला, असा त्यांचा तर्क. आम्ही पगारवाढीसाठी संप केले, मोर्चे काढले, घसे बसवले. भुवयांचं कुणाला सुचलं नाही.

आता पेढ्यांचं प्रकरण. ते लिहावं की नको, याचा चार दिवस विचार केला, कारण सौ. आपला पेपर पहिल्या पानापासून वाचते. पण पार्सलवर अन्याय झालाय आणि दाद मागायला ही एकच जागा आहे.

मला साखर आहे. वाडीहून आणलेला पेढ्यांचा पुडा फडताळात वरच्या कप्प्यात होता. दुपारी ही झोपली होती. त्यातले पाच मी खाल्ले. सहावाही खाल्ला. पुड्याचा कागद खाली पडला तो पार्सल चाटत बसला. इतक्यात ही उठून आली. "पार्सल! काय केलंस हे?" झालं, कान मागं, शेपूट पायांत, नजर फरशीला आणि तोंड अर्धवट भिंतीकडे. कोर्टात सुद्धा इतका सविस्तर कबुलीजबाब कुणी देत नाही. "बघा, चोराचा चेहरा बघा," ही म्हणाली. मी म्हणालो, "वाईट सवय लागलीय त्याला." माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसणार. मयताची बातमी आणणारं, कोपरा फाडलेलं कार्ड आणि नोकरीचा कॉल एकाच गल्लीत एकाच चेहऱ्यानं द्यायची चौतीस वर्षांची सवय आहे मला.

नंतर कळलं, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ साली हेच तपासून पाहिलंय. कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्लाय की नाही, याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंधच नाही. मालक रागावला की तो चेहरा होतो, गुन्हा केलेला असो वा नसो. म्हणजे पार्सल मला वाचवत नव्हता, नुसता हिच्या आवाजाला उत्तर देत होता. हे वाचून मला थोडं हलकं वाटायला हवं होतं. त्या रात्री मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याला घातली होती ती घातलीच. आता तो दर संध्याकाळी अर्धी भाकरी हक्कानं मागतो. पेढे माझे, शिक्षा त्याला, आणि हप्ता अजून चालू आहे.

सकाळी पावणेसहाला तो माझी चादर ओढतो. गजर नको, घड्याळ नको. गणपती मंदिर, मग घाट, मग परत. वाटेत प्रत्येक खांबाशी थांबतो. आधी मला याचा वैताग यायचा, मग एकदा निवांत उभा राहून पाहिलं. तो खांब हुंगतो, मान तिरकी करून पुन्हा हुंगतो, जरा विचार करतो आणि मग पाय वर करून उत्तर टाकतो. कुणीतरी आधी टाकलेलं टपाल तो वाचतोय, पोच देतोय आणि पुढच्या खांबाला निघतोय. बीट ठरलेलं, वेळ ठरलेली, पाऊस असला तरी चुकत नाही. इतकी वर्षं ज्यांच्यापासून मी पळालो ती सगळी आपल्याच खात्यातली निघाली! कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी मात्र मी साखळी ओढून धरतो. निवृत्त झालो तरी काही गोष्टी डोळ्यांदेखत होऊ देता येत नाहीत.

पत्रलेखक वाचकांशी मी एका बाबतीत पूर्ण सहमत आहे. लोकांच्या दारात कुत्र्याला बसवून आभाळातल्या ढगांकडे बघणारे मालक मलाही दिसतात. मी जुन्या पेपरचं पान खिशात घेऊन जातो आणि उचलून आणतो. आपल्या अंकातलं कुठलं पान, ते विचारू नये. संपादकीय नव्हे, एवढं खात्रीनं सांगतो. वाढदिवसाचा चॉकलेटचा केकही कुत्र्याला विषच आहे, कांदा तसाच. गेल्या दिवाळीत पाहुण्यांनी तासगावचे बेदाणे आणले आणि मी प्रेमानं दोन त्याच्यापुढं धरले. सौ. ओरडली म्हणून हात मागं घेतला. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातात हे तिला ठाऊक होतं. आमच्या जिल्ह्यात पाय ठेवीन तिथं द्राक्षबाग, आणि मला पत्ता नाही.

'बाळ' म्हणण्याबद्दल मात्र वाचकांची माफी मागतो. मी म्हणत नाही. पण मी बाहेरून आलो की घरात "बाबा आले बघ" असं कुणाला तरी सांगितलं जातं, आणि मुलगी तर पुण्यात असते.

परवा आमच्या भागात नवीन पोस्टमन आली. मुलगी आहे, विशीतली, स्कूटरवरून येते. फाटकाशी तिनं स्कूटर आधी उलटी वळवून उभी केली. ते बघूनच मला भरून आलं. पार्सलनं तिला पाहिलं आणि गावभाग दणाणून सोडला. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. मान वर न करता माझ्या तोंडून गेलं, "ये गं, ये. काही करत नाही तो."

ती आली नाही. फाटकाच्या बाहेरूनच तिनं माझ्याकडे एकदा आणि माझ्या पेपरकडे एकदा पाहिलं. मी उठलो, पार्सलला आत कोंडलं, फाटकापर्यंत गेलो आणि सही केली. आतून पार्सल भुंकत होता. स्कूटर गेल्यावर गप्प झाला आणि छाती काढून बाहेर आला. हाकलली ना!

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन
गावभाग, सांगली

ता. क. : या पाकिटाचा उजवा कोपरा फाटका आहे. आपल्याकडे कुणी जुनी माणसं असतील तर दचकतील, म्हणून लिहितो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. ते पार्सलचे दात आहेत.